‘लेफ्ट आउट’ की ‘लेफ्टओव्हर’? इंग्रजीत ‘मला डावललं’ हे नीट कसं सांगायचं

बार्शीच्या मराठी शाळेतून शिकून मी पुण्यात पहिल्या नोकरीला लागले, तेव्हाची गोष्ट. दुपारी एक वाजला की आमच्या रांगेतली पाच-सहा जणं उठायची, एकमेकांकडे बघून ‘लंच?’ म्हणायची आणि निघायची. मी स्क्रीनकडे बघत फार काम असल्याचं नाटक करायचे. तिसऱ्या आठवड्यात धीर करून शेजारच्या मुलीशी बोलले. ती केरळची, त्यामुळे इंग्रजीला पर्याय नव्हता. म्हटलं, ‘आय फील लेफ्टओव्हर.’ तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डब्याकडे, आणि फार मायेने म्हणाली, ‘दॅट्स ओके, आय ऑल्सो ब्रिंग लेफ्टओव्हर्स.’ डब्यात खरोखरच आदल्या रात्रीच्या भाताला फोडणी दिलेली होती. पुढे बोलायची सोयच उरली नाही.

मला म्हणायचं होतं ‘लेफ्ट आउट’. दोन शब्द मिळून झालेलं हे विशेषण शाळेच्या व्याकरणात मला कधी भेटलं नाही, पण गरज सारखी पडते. कॉलेजच्या ग्रुपमध्ये पडते, नव्या ऑफिसात पडते, परदेशी गेलेल्यांना मुलांच्या शाळेत बाईंशी बोलताना पडते. मी जिथे जिथे ठेचकाळले तिथे तुम्ही ठेचकाळू नये, एवढ्यासाठी हे लिहितेय.

काय काय लागेल

- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश. ऑक्सफर्ड, केम्ब्रिज, लाँगमन यांपैकी कोणताही. तिन्ही ऑनलाइन फुकट बघता येतात. इंग्रजी-मराठी अॅपवर विसंबू नका. ती बहुतेक वेळा ‘वगळलेले’ एवढं सांगून मोकळी होतात.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. दुसरी आवृत्ती १८५७ची, पण शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आजही फुकट शोधता येतो.
- एक वही आणि फोनमधला आवाज रेकॉर्ड करायचा पर्याय.

१. आधी रिंगण ओळखा

‘लेफ्ट आउट’ म्हणजे नुसतं एकटं नव्हे. एखाद्या रिंगणात आपण असायला हवं होतं असं आपल्याला वाटतं, आणि त्यात आपल्याला धरलेलं नसतं. त्याची जी टोचणी लागते ती ‘लेफ्ट आउट’. रिंगण आपलं नसेल तर शब्द लागू पडत नाही. समोरच्या सोसायटीतल्या अनोळखी बाळाच्या बारशाला बोलावलं नाही म्हणून कोणी लेफ्ट आउट होत नाही. सख्ख्या मावसबहिणीच्या केळवणाचे फोटो स्टेटसवर दिसले की होतं.

लहानपणचा कच्चा लिंबू आठवा. लपाछपीत तोही पळतो, लपतो, ओरडतो. पण सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. पहिला तासभर त्याला ती मोठी सवलत वाटते. मग कधीतरी लक्षात येतं की आपण सापडलो काय आणि नाही काय, कोणी मोजतच नाहीये. तो मैदानातच असतो, सगळ्यांच्या मधोमध असतो, आणि तरी लेफ्ट आउट असतो. या विशेषणाचा अर्थ मला कोणत्याही कोशापेक्षा या पोराने जास्त नीट समजावला.

किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. संगणकाच्या पडद्यावर तीन जण एकमेकांकडे चेंडू टाकतात, त्यातले एक तुम्ही. दोन-तीनदा तुमच्याकडे चेंडू येतो, मग उरलेले दोघं आपसातच खेळायला लागतात. बस, एवढंच. २००० साली यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. पुढच्या एका प्रयोगात तर समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय, हे आधी सांगूनही लोकांना वाईट वाटलंच. त्यामुळे ‘एवढ्या-तेवढ्याला काय मनाला लावून घ्यायचं’ असं कोणी म्हणालं तर हा चेंडू त्यांच्याकडे टाका.

आता जवळचे शब्द झटपट वेगळे करू. ‘अलोन’ म्हणजे सोबत कोणी नाही, एवढीच वस्तुस्थिती. त्यात दुःख असेलच असं नाही. ‘लोनली’ म्हणजे सोबतीची उणीव जाणवणारा, मग भोवती गर्दी असो वा नसो. ‘लेफ्ट बिहाइंड’ म्हणजे बाकीचे पुढे गेले आणि मी मागे राहिले. आणि ‘आउट ऑफ प्लेस’ म्हणजे मला आत घेतलंय, पण मीच तिथे विजोड वाटतेय. सुटाबुटातल्या समारंभात चपला घालून गेल्यासारखं.

२. ‘मला’चं ‘आय’ करा

मराठीत भावना आपल्याकडे येते. मला वाटतं, मला परकं वाटतं, मला कसंतरी होतं. वाक्याची सुरुवातच ‘मला’ने होते. इंग्रजीत ती भावना तुम्ही करता: ‘आय फील लेफ्ट आउट.’ इतकं साधं वाक्य, पण नवशिके यात हमखास भर घालतात.

‘आय फील मायसेल्फ लेफ्ट आउट’ हे ‘मला स्वतःला’चं भाषांतर, ‘मायसेल्फ’ काढून टाका. ‘आय अॅम फील लेफ्ट आउट’ यात दोन क्रियापदं एकमेकांच्या पायात पाय घालतात. ‘आय फील’ म्हणा किंवा ‘आय अॅम फीलिंग’ म्हणा, दोन्ही चालतं. ‘आय फील लाइक लेफ्ट आउट’मधला ‘लाइक’ बोलण्याच्या ओघात खपून जातो, लिहिताना नको.

कमी-जास्त दाखवायचं असेल तर ‘अ बिट लेफ्ट आउट’, ‘अ लिटल लेफ्ट आउट’, ‘रिअली लेफ्ट आउट’, ‘कम्प्लीटली लेफ्ट आउट’ हे सगळं रुळलेलं आहे. माझी शिफारस ‘अ बिट’ची. इंग्रजीत तक्रार करताना माणसं ती जरा कमी करून सांगतात आणि ऐकणाराही त्याच मापाने ती वाढवून घेतो.

३. भावना सांगताय की घटना?

‘आय फेल्ट लेफ्ट आउट’ आणि ‘आय वॉज लेफ्ट आउट’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिल्यात मनाची अवस्था आहे. तुम्हाला कोणी मुद्दाम वगळलं असेल किंवा नसेलही. तुम्हाला तसं वाटलं. दुसऱ्यात घडलेली गोष्ट आहे. यादीत नाव नव्हतं, मेलच्या पत्त्यांत तुमचा पत्ता नव्हता, संघ जाहीर झाला आणि तुम्ही त्यात नव्हता. पहिल्यावर समोरचा वाद घालू शकत नाही, कारण वाटणं तुमचं आहे. दुसऱ्यावर तो लगेच म्हणेल, ‘नो, यू वर नॉट.’ पुरावा हाताशी असेल तरच ‘वॉज’ वापरा.

तिसरा, सगळ्यात घातकी प्रकार म्हणजे ‘आय लेफ्ट आउट.’ मधला ‘वॉज’ किंवा ‘फील’ गाळला की अर्थ उलटतो: मीच काहीतरी वगळलं. ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो, काय वगळलंस?

४. ‘मधून’ विसरा, ‘ऑफ’ लावा

कशातून वगळलं हे सांगताना आपल्या जिभेवर आधी ‘फ्रॉम’ येतो, कारण डोक्यात ‘मधून’ असतं. रुळलेली रचना आहे ‘लेफ्ट आउट ऑफ’. ‘शी वॉज लेफ्ट आउट ऑफ द टीम.’ ‘आय फेल्ट लेफ्ट आउट ऑफ द कॉन्व्हर्सेशन.’ याउलट ‘एक्सक्लूडेड’ला ‘फ्रॉम’ लागतो, ‘एलिअनेटेड’लाही ‘फ्रॉम’. जोडीजोडीने वहीत लिहून ठेवा, सुटे शब्द पाठ करू नका.

उच्चाराचं एकच सांगते. दोन शब्द सुटे-सुटे उच्चारू नका. ‘लेफ्ट’मधला ‘ट’ पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतो: लेफ्-टाउट. जोर ‘आउट’वर. तीन-चारदा रेकॉर्ड करून ऐका.

५. शब्दाचं वजन बघून उचला

इथे थोडा वेळ द्या, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती इथे झाली. डब्याच्या प्रकरणानंतर काही महिन्यांनी एका मीटिंगचं बोलावणं मला आलं नाही. मी शब्दकोश उघडला, भारदस्त शब्द निवडला आणि साहेबांना मेल टाकला: ‘आय वॉज एक्सक्लूडेड बाय द टीम.’ दुसऱ्या दिवशी मला कर्मचारी विभागात बोलावून, बंद खोलीत, कोणी कोणी काय केलं ते विचारलं. प्रत्यक्षात बोलावणं पाठवणाऱ्याने जुनी यादी वापरली होती. मला फक्त ‘माझं नाव राहिलंय’ एवढंच सांगायचं होतं. त्यानंतर आठवडाभर आमच्या रांगेत माझ्याशी सगळे फार जपून बोलत होते.

हलक्याकडून जडाकडे शब्द असे लागतात.

‘लेफ्ट आउट’ सगळ्यात हलका आणि माणसाळलेला. यात दोष कोणावर येत नाही. लहान मूल वापरतं, आजोबाही वापरतात.

‘इग्नोर्ड’मध्ये समोरच्याने बघून न बघितल्यासारखं केलेलं असतं. ‘निग्लेक्टेड’मध्ये काळजी घेणं ज्याचं कर्तव्य होतं त्याने ती घेतली नाही, हा शब्द मुलं, म्हातारी माणसं, बाग, रस्ते यांच्यासाठी. मित्राने फोन केला नाही म्हणून ‘निग्लेक्टेड’ म्हटलं तर जरा जास्तच होतं.

‘साइडलाइन्ड’ खेळाच्या मैदानावरून आलाय. आधी खेळत होता, आता रेषेबाहेर बसवलाय. बढतीत किंवा पक्षात एखाद्याला बाजूला सारलं की हा शब्द. आपलं ‘डावललं’ याच्या सगळ्यात जवळ जातं. इथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. ‘डावलणं’ हे ‘डावा’वरून आलंय, डाव्या हाताला टाकून पुढे जाणं. आणि इंग्रजीत डाव्याला ‘लेफ्ट’च म्हणतात! मला कित्येक दिवस वाटायचं की दोन्ही भाषांनी एकच विचार केलाय. तसं नाही. ‘लेफ्ट आउट’मधला ‘लेफ्ट’ हे ‘लीव्ह’ या क्रियापदाचं रूप, दिशेशी त्याचं काही नातं नाही. तरी लक्षात ठेवायला ही चुकीची जोडी फार उपयोगी पडते, मी अजूनही तीच वापरते.

‘एक्सक्लूडेड’ म्हणजे नियमाने, निर्णयाने किंवा ठरवून बाहेर ठेवलेलं. विम्याच्या कागदात कोणते आजार धरले नाहीत त्यांची यादी याच शब्दाने येते. तांदळातल्या खड्यासारखं वेचून काढलं, असं खरंच म्हणायचं असेल तेव्हाच माणसांसाठी वापरा.

‘एलिअनेटेड’ याच्या मुळाशी ‘दुसऱ्याचा’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे. एका दिवसाच्या जेवणाने कोणी एलिअनेटेड होत नाही. हळूहळू, महिनोन्महिने, आपलं वाटणारं परकं झालं की हा शब्द. गाव सोडून वीस वर्षांनी परतलेल्याला गावातच उपरं वाटतं, तसं.

‘ऑस्ट्रसाइज्ड’ सगळ्यात जड. प्राचीन अथेन्समध्ये एखादा पुढारी डोईजड झाला की नागरिक फुटक्या मडक्याच्या खापरावर त्याचं नाव कोरून मत द्यायचे. निकाल विरोधात गेला तर त्याला दहा वर्षं शहराबाहेर राहावं लागे. खापराला ग्रीकमध्ये ‘ऑस्ट्राकॉन’, त्यावरून हा शब्द. अशी हजारो खापरं उत्खननात सापडली आहेत. आपणही खापर फोडतो, पण एकाच्याच डोक्यावर.

मराठीत याला शब्द आहे ‘वाळीत टाकणं’, आणि तो आपल्याकडे इतिहासजमा झालेला नाही. पाणी, दुकान, लग्न, मयत सगळं बंद करणारी ही शिक्षा जातपंचायती देत आल्या, म्हणून महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा स्वतंत्र कायदा केला. तो जुलै २०१७पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘बहिष्कृत’ या शब्दामागेही तेवढाच इतिहास आहे, डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली मुंबईत काढलेल्या संस्थेचं नावच बहिष्कृत हितकारिणी सभा होतं. तेव्हा गोव्याच्या सहलीला मित्रांनी विचारलं नाही म्हणून ‘दे ऑस्ट्रसाइज्ड मी’ असं लिहू नका. ज्यांनी ते खरंच भोगलंय त्यांच्यासाठी तो शब्द राहू द्या.

जाता जाता, ‘बॉयकॉट’ हे आडनाव होतं. १८८० साली आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका जमीनदाराच्या चार्ल्स बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्यावर कुळांनी आणि गावकऱ्यांनी असहकार पुकारला. शेतात मजूर मिळेना, दुकानदार माल देईना. त्याचं नावच क्रियापद झालं.

आणि ‘आउटकास्ट’मध्ये ‘जात’ नाही. त्यातला ‘कास्ट’ म्हणजे फेकलेला. स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ आला तर मात्र जातीशी संबंध जोडला जातो, तो वेगळा शब्द. एका अक्षराने अर्थ किती बदलतो ते बघून लिहा.

६. मराठीतून इंग्रजीत येताना लागणारे खड्डे

‘मला कोणी विचारत नाही.’ आपण हे किती सहज म्हणतो! त्याचं ‘नोबडी आस्क्स मी’ केलं की समोरचा म्हणतो, ‘आस्क्स यू व्हॉट?’ आपल्या ‘विचारणं’मध्ये मान देणं, धरणं, दखल घेणं सगळं येतं, त्यांच्या ‘आस्क’मध्ये ते नाही. इथे ‘आय फील लेफ्ट आउट’ हेच बरोबर भाषांतर.

‘मला बोलावलं नाही.’ ‘दे डिडन्ट कॉल मी’ म्हटलं तर इंग्रज माणसाला वाटेल, फोन केला नाही. ‘दे डिडन्ट इन्व्हाइट मी’ म्हणा. आपल्याकडच्या ऑफिसांत ‘कॉल’ चालून जातो, बाहेर अडखळतो.

‘मला खेळायला घेत नाहीत.’ मुलाच्या शाळेत सांगायचं असेल तर ‘दे डोन्ट टेक हिम’ नको. ‘दे डोन्ट लेट हिम जॉइन इन’ म्हणा, आणि पुढे ‘ही फील्स लेफ्ट आउट’.

मग वस्तूंचा घोटाळा. ‘लीव्ह आउट’चा दुसरा साधा अर्थ आहे बाहेर ठेवणं. ‘द मिल्क वॉज लेफ्ट आउट’ म्हणजे दूध फ्रीजबाहेर राहिलं, त्याच्या भावना दुखावल्या नाहीत. नामाच्या आधी हे विशेषण लावताना मध्ये जोडरेघ येते, ‘अ लेफ्ट-आउट चाइल्ड’ असं. पण ती रचना कमी वापरली जाते आणि कानालाही अवघड वाटते. ‘अ चाइल्ड हू फील्स लेफ्ट आउट’ हे जास्त बरं.

‘लीव्ह मी आउट ऑफ धिस’ मात्र रुसवा नव्हे. मला यात ओढू नका, असं बजावणं आहे. तिथे माणूस स्वखुशीने रिंगणाबाहेर उभा असतो.

७. प्रत्यक्ष सांगताना

समोरासमोर, एकट्याला, छोट्या वाक्यात सांगा. ग्रुपवर लिहू नका. तिथे टोमणा वाटतो. मी शेवटी पाठ केलेला नमुना हा: ‘आय फेल्ट अ बिट लेफ्ट आउट अॅट लंच. कॅन आय जॉइन यू टुमॉरो?’ पहिल्या वाक्यात भावना, दुसऱ्यात मागणी. नुसती भावना सांगून थांबलं की ऐकणाऱ्याला काय करावं ते कळत नाही, तो ‘सो सॉरी’ म्हणतो आणि विषय तिथेच मरतो. ‘यू ऑल लेफ्ट मी आउट’ने सुरुवात तर अजिबात करू नका, ‘यू’ने सुरू झालेलं वाक्य आरोप होऊन बसतं.

मेलमध्ये यादीत नाव राहिलं असेल तर भावना आणूच नका. ‘आय थिंक आय वॉज लेफ्ट ऑफ द इन्व्हाइट. कुड यू प्लीज अॅड मी?’ इथे ‘आउट’ऐवजी ‘ऑफ’ आलाय तो मुद्दाम. यादीतून, पत्त्यांतून नाव सुटलं की ‘लेफ्ट ऑफ’ म्हणतात. माझ्या त्या बंद खोलीतल्या प्रकरणाला एवढं एक वाक्य पुरलं असतं.

८. कोशात कुठे शोधायचं

‘एल-ई-एफ-टी’खाली शोधाल तर अनेकदा डावी बाजू आणि डावे पक्षच हाती लागतील. ‘लीव्ह’ उघडा, खाली जोडक्रियापदांच्या यादीत ‘लीव्ह आउट’ सापडेल. तिथे ‘एसबी’ आणि ‘एसटीएच’ अशी कोडी दिसतील. पहिलं म्हणजे ‘समबडी’, कोणी माणूस, आणि दुसरं ‘समथिंग’, कोणती वस्तू. कंसात ‘ऑफ’ दिसला की चौथा टप्पा आठवा. मग मोल्सवर्थमध्ये ‘डावलणें’ काढा. जुन्या कोशात क्रियापदाच्या शेवटी अनुस्वार असतो, तो दिला नाही तर शब्द कधी कधी सापडतच नाही.

केरळच्या त्या मैत्रिणीला मी पाठ केलेली दोन वाक्यं अखेर म्हणून दाखवली. ती म्हणाली, त्यांना वाटत होतं की मी जागेवरच डबा खाते आणि मला तेच आवडतं. दुसऱ्या दिवशी एक वाजता तिने माझी खुर्ची मागून ओढली आणि विचारलं, ‘लेफ्टओव्हर्स?’